सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर आणि ती एक खाच

'गन जेवढी जड तेवढी टिकाऊ' हे ऐकून ऐकून कान किटलेत. १९७१ मध्ये एका हॉलीवूडपटात स्मिथ अँड वेसन कंपनीचं मॉडेल २९ हे .४४ मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्वर झळकलं आणि त्याला काय धाड भरलीये, अशी समजूतच होऊन बसली. पण मोठ्या बोअरचं (रुंद नळीचं) रिव्हॉल्वर फुटून बाद होणं तसं विरळा, बहुतेक वेळा ते हळूहळू ढिलं होत जातं. मजबुती वेगळी आणि झीज वेगळी, आणि या दोन्हींचा हिशोब सिलिंडरवरच्या, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या नळकांड्यावरच्या, एका छोट्या खाचेपाशी येऊन मिळतो.

आधी प्रेशर बघू. कारच्या टायरमध्ये साधारण ३०-३५ पीएसआय (दर चौरस इंचावर तेवढे पौंड दाब) असतं, .४४ मॅग्नमची मर्यादा ३६,००० पीएसआय, म्हणजे हजार पटीच्याही वर. ते झेलायचं कुणी, तर गोळी जिथे बसते त्या घराच्या भिंतीने. भिंत फाडू पाहणारा ताण काढायचा तर ढोबळमानाने प्रेशर गुणिले त्रिज्या भागिले जाडी, म्हणजे जाडी निम्मी झाली की ताण दुप्पट. (भिंत जाड असेल तर खरं गणित जास्त किचकट आहे, पण दिशा तीच.)

आता गंमत बघा. चाप ओढला की सिलिंडर फिरतो आणि एक घर बरोबर बॅरलच्या रेषेत येऊन थांबलं पाहिजे. थांबवतो कोण? खालून स्प्रिंगने वर येणारा स्टॉप, तो सिलिंडरच्या अंगावरच्या खाचेत अडकतो. वहीवर वर्तुळ काढा, त्यात सारख्या अंतरावर सहा घरं काढा, एक घर बरोबर वर ठेवा. बरोबर खाली काय आलं? दुसरं घर! म्हणजे स्टॉप तळाच्या मधोमध असेल तर खाच नेमकी घराच्या पाठीवर कोरावी लागते, जिथे भिंत आधीच सगळ्यात पातळ असते तिथेच. त्यात खाचेच्या कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि दर बाराला तो चढतो-उतरतो, यालाच धातूचा थकवा म्हणतात. आता सहाऐवजी पाच घरं काढा. तळाशी दोन घरांच्या मधला भरीव धातू येतो आणि खाच तिथे पडते. बास, एक गोळी कमी केली आणि प्रश्न सुटला. १९५० च्या दशकात डिक कसुल हा बंदूक बनवणारा .४५ कोल्ट या जुन्या काडतुसाचं प्रेशर वाढवत नेताना सिलिंडर फोडत होता, तो शेवटी पाच घरांवर आला ते काही उगाच नाही. २००३ मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं .५०० मॅग्नमही पाचच गोळ्यांचं आहे आणि ते ६०,००० पीएसआयच्या आसपास खेळतं. रूगर कंपनीने १९७९ च्या रेडहॉक रिव्हॉल्वरमध्ये घरं सहाच ठेवली पण खाच घराच्या मध्यापासून बाजूला सरकवली, हाही मस्त उपाय.

झीजेचा किस्सा वेगळाच आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात सिलुएट नेमबाजी (प्राण्यांच्या आकाराच्या धातूच्या पत्र्यांवर नेम धरायचा खेळ) वाढली, २०० मीटरवरचा लोखंडी मेंढा नुसता लागून चालत नाही, पाडावा लागतो, म्हणून लोक जड गोळ्या आणि जास्त जोराची काडतुसं भरून खोक्याच्या खोकी उडवायला लागले. मॉडेल २९ मध्ये तेव्हा एक विचित्र प्रकार दिसला: बार उडाला की धक्क्याने स्टॉप खाचेतून निसटायचा, सिलिंडर उलटा फिरायचा आणि पुढच्या वेळी घोडा आधीच उडालेल्या काडतुसावर पडायचा. नुसतं टिक! कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी खाचा लांब केल्या, आतले भाग बदलले, तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं.

बॅरल आणि सिलिंडरमधल्या बारीक फटीतून गरम वायू निघतो, तो सिलिंडरच्या वरून जाणाऱ्या सांगाड्याच्या पट्टीवर रेघ कोरतो. ती दिसते भयानक पण सहसा थोडी खोल जाऊन थांबते, तिला घाबरू नका. जुनी गन बघताना सिलिंडर मागेपुढे किती हलतो ते बघा, आणि चाप हळूच ओढत पूर्ण मागे नेऊन तिथेच धरला असताना तो बाजूला किती डुगडुगतो तेही बघा, अर्थात गन रिकामी आहे याची खात्री करूनच. खंडेनवमीला शस्त्राला हळदकुंकू जरूर वाहा, पण घासलेली खाच त्याने भरून येत नाही आणि 'स्टेनलेस आहे, आयुष्यभर टिकेल' या जाहिरातीनेही नाही. स्टेनलेस गंजाला आवरतं, ठोक्यांना नाही.

हां, सहा घरं ठेवूनही जबरदस्त प्रेशर झेलता येतं. रूगरने सुपर रेडहॉकमध्ये .४५४ कसुल (त्याच डिक कसुलचं काडतूस) सहा घरांत बसवलंच, पण त्यासाठी सिलिंडरला नेहमीचं स्टील पुरलं नाही, कारपेंटर कंपनीचं खास ताकदीचं स्टेनलेस घ्यावं लागलं.