पाच फेरे उलटे

हिप हॉप म्हणजे रॅप, असं आपल्याकडे सरसकट धरलं जातं. पण रॅप नंतर रंगलं; आधी होते डीजेचे हात. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यूच्या इमारतीत, मूळचा जमैकाचा कूल हर्क बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड लावत होता. गाण्यात बाकी वाद्यं थांबून फक्त ड्रम्स उरतात त्या तुकड्याला, म्हणजे ब्रेकला, नाचणारी पोरं सुटतात हे त्यानं हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो ब्रेक लांबवू लागला.

पण सुई अंदाजानं टेकवायची, त्यामुळे ठेका चुके. तो बसवला ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेनं. हा पठ्ठ्या इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला!

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. ब्रेक ९ सेकंदांचा असेल तर बरोबर ५ फेरे. मग सुई उचलायचीच कशाला? लेबलवर क्रेयॉननं खूण करा आणि रेकॉर्ड ५ फेरे उलटी फिरवा. सुई खाचेतूनच मागे येते. रेकॉर्डखालची टर्नटेबलची तबकडी मात्र सुलटी फिरत राहायला हवी. त्यासाठी मधे खळ देऊन कडक केलेली फेल्टची चकती. घर्षण इतकं कमी की बोटांना रेकॉर्ड थोपवता येते आणि इतकं पुरेसं की सोडताच ती वेग पकडते. शिवाय मोटरही दमदार हवी.

पुढे ग्रँड विझर्ड थिओडोर या पोरानं स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड हातानं पुढेमागे ढकलून आवाज काढणं, आणलं. सुईमागचं इवलंसं चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ हलतं आणि फॅरेडेच्या नियमानं विद्युतदाब तयार होतो. रेकॉर्ड थोपवली की शांतता. दुप्पट वेगानं ढकलली की स्वर एक सप्तक वर आणि विद्युतदाबही दुप्पट. पण अ‍ॅम्प्लिफायरमधलं आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे रेकॉर्डच्या आवाजाचा समतोल साधणारी ठरीव दुरुस्ती, वारंवारता वाढेल तसं सिग्नल दाबतं, म्हणून आवाज त्या प्रमाणात वाढत नाही.

१९८२मध्ये ब्राँक्सच्याच डीजे आफ्रिका बंबाटानं 'प्लॅनेट रॉक'मध्ये जर्मन बँड क्राफ्टवर्कची धून जपानी रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या ठेक्यावर बसवली. त्याच वर्षी मुंबईत संगीतकार चरणजित सिंग याच ८०८वर, जोडीला टीबी-३०३ हे बास वाजवणारं यंत्र घेऊन, राग वाजवत होते. 'अ‍ॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं' ही फुशारकी त्यावरूनच निघाली; अ‍ॅसिड हाऊस म्हणजे ३०३च्या किरकिरत्या आवाजावरचं नृत्यसंगीत. पण शिकागोच्या पोरांनी १९८७मध्ये काढलेल्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मध्येही तेच ३०३ होतं. त्याची कळ पिळली की ते तसंच किरकिरतं, मग पिळणारा मुंबईचा असो की शिकागोचा.