पूर, ऊन आणि आशाताई: गावातल्या आरोग्य ट्रेनिंगच्या मागची गोष्ट

आपल्याकडं गावाला रोगराईसाठी तयार करणं तसं जुनंच. वारीच्या आधी पटकीची लस टोचायची, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची. पण ते सगळं सरकारी माणूस येऊन करून जायचा, गावानं रांगेत उभं राहायचं, बस.

खरा बदल २००५ चा. त्याच वर्षी कृष्णेला महापूर, त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आणि त्याच वर्षी आशा योजनेचीही सुरुवात, म्हणजे गावातलीच बाई घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणार. पण कायदा आणि योजना एकमेकांशी बोललेच नाहीत. आपत्तीवाल्यांनी पोरांना दोर, बोट, लाईफ जॅकेट शिकवलं, आरोग्यवाल्यांनी आशांना बाळंतपण आणि लसीकरण. पूर ओसरल्यावर जे सुरू होतं, म्हणजे जुलाब, लेप्टो (उंदराच्या मुतानं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), साप, ते कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

मग २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना पुरातून काढणारी बोट उलटली, माणसं गेली, आणि त्यानंतर सगळं लक्ष बोटींवर. ते साहजिकच आहे म्हणा. पण घरात गुडघाभर गाळ असताना क्लोरीन किती टाकायचं, चिखलात काम केलेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या द्यायच्या पण गरोदर बाईला नाही, हे घरोघरी जाऊन सांगणार कोण?

उत्तर ठरलं: आशा. इथंच वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. वरचे म्हणतात तिला प्रत्येक घर माहीत, गरोदर बायका, बीपी-शुगरवाले तिच्या रजिस्टरमधे, मग दुसरा माणूस कशाला. मुद्दा बरोबरच आहे, पण पूर येतो तेव्हा तिचंही घर पाण्यात असतं की, ती पण निवारा केंद्रातच असते पोरंबाळं घेऊन, आणि पगार नाही तर मोबदला, तोही तेव्हा बराचसा कामागणिक, त्यात कोविडचं काम येऊन पडलेलं. जून २०२१ ला राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, नंतर महिन्याभरात परत पूर, आणि वर साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी. त्या गाळात मोबदल्याचं कोण विचारतंय. माझ्या मते जलसुरक्षक (गावाचं पिण्याचं पाणी बघणारा माणूस), बचत गटातल्या बायका, तालमीतली पोरं यांना आधीच वाटून काम द्यायला हवं होतं, पण ते कागदावर कायम "सहकार्य" या एका शब्दात उरकलं जातं.

उन्हाचा विषय तर अगदी अलीकडं आला. जत, आटपाडी, माण, खटाव या सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांना ऊन काय नवं नाही, त्यामुळं चक्कर येऊन पडणं हा आजार आहे असं कुणी धरतच नव्हतं. आता उन्हाळ्याच्या आधी उपकेंद्रात मीटिंग होते, जलसंजीवनीची पाकिटं येतात, दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका असं सांगितलं जातं. रोजंदारीवर भांगलायला जाणाऱ्या बाईला ते कसं सांगायचं, याचं ट्रेनिंग मात्र आशाला अजून कुणी दिलेलं माझ्या बघण्यात नाही.