चिप म्हणजे जीपीएस नव्हे

‘चिप बसवलीय ना, मग कुत्रा कुठे गेला ते मोबाइलवर दिसेल,’ हे नागपुरात धरमपेठपासून मानेवाड्यापर्यंत ऐकू येतं. नाही दिसत. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये बॅटरीच नसते. खांद्यांच्या मधोमध कातडीखाली ती गप्प पडून असते; स्कॅनर अगदी जवळ धरला की त्याच्याच लहरींवर जागी होते आणि 15 अंकी नंबर सांगते. बस्स. तुमचं नाव, फोन असतो त्या नंबराच्या नोंदणीत. ती नोंद जुनी राहिली (आमची दोन वर्षं होती!), तर चिप असून नसल्यासारखी.

दिवाळीत सुतळी बॉम्बला बुजून मोती फुटाळा तलावाकडे सुटला, तर तो सापडेल त्या चहावाल्याकडे स्कॅनर कुठला? पट्ट्यावर मोबाइल नंबर ठळक लिहा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, जास्त नको. सैल पट्ट्यातून डोकं लगेच निसटतं.