इंग्लंडमध्ये शेतावर पारवे मारण्याची परवानगी: अर्ज कशाचा करायचा आणि कशाचा नाही

इंग्लंडमध्ये शेतीवर काम करणारे किंवा एखाद्या शेतकऱ्याशी ओळख झालेले मराठी लोक हमखास विचारतात, “पिकावर उतरणारे पारवे मारायचे आहेत, फॉर्म कुठला भरायचा?” पारव्यांसाठी फॉर्म नाही. फॉर्म आहे तो बंदुकीसाठी. जमिनीसाठी मालकाची किंवा कसणाऱ्याची परवानगी लागते, आणि पक्षी मारण्यासाठी सरकारने एक सर्वसाधारण परवाना आधीच खुला करून ठेवलेला आहे. तो मागावा लागत नाही म्हणून पुष्कळ लोक वाचतही नाहीत. नेमकी तिथेच चूक होते, कारण परवान्यातली एक अट मोडली की त्याचं संरक्षण संपतं आणि तुम्ही संरक्षित पक्षी मारल्याच्या गुन्ह्यात सापडता.

1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टने सगळ्याच रानपक्ष्यांना संरक्षण दिलं आहे. चौकात दाणे टिपणारा पारवाही त्यात आला. ‘हा तर उपद्रवी पक्षी, याला कसला कायदा’ हा समज चुकीचा आहे. मारायची सवलत मिळते ती त्याच कायद्याच्या 16 व्या कलमाखाली निघणाऱ्या परवान्यांमुळे. शेतीच्या गंभीर नुकसानीसाठीच्या परवान्याचं नाव जीएल 42 (जीएल म्हणजे जनरल लायसन्स, सर्वसाधारण परवाना). जनतेच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी जीएल 41 आहे. दोन्ही परवान्यांत पारवा आहे, पण कारणं वेगळी आहेत. पेरलेल्या वाटाण्यासाठी 42 लागतो. विष्ठेमुळे माणसांच्या आरोग्याला धोका होत असेल तर 41 बघायचा. दोन्ही सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. अटी आणि मुदत बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षीची छापील प्रत खिशात ठेवून शेतात जाऊ नका.

हे परवाने कायमचे नाहीत, हे 2019 च्या एप्रिलमध्ये सगळ्यांना कळलं. वाइल्ड जस्टिस या संस्थेने न्यायालयीन आव्हान दिलं आणि नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेने तेव्हाचे तीन सर्वसाधारण परवाने मोजक्या दिवसांच्या सूचनेवर मागे घेतले. ऐन वसंतातल्या पिकाच्या वेळी शेतकरी अडकले. पुढे पर्यावरण खात्याने, म्हणजे डेफ्राने, सूत्रं हातात घेऊन नवे परवाने काढले. नव्या परवान्यांतल्या अटी आधीपेक्षा स्पष्ट आहेत, आणि माझ्या मते ते चांगलंच झालं.

पात्रता: कोण मारू शकतो

कायद्यातला शब्द आहे ‘अधिकृत व्यक्ती’. जमिनीचा मालक, ती कसणारा, किंवा त्या दोघांपैकी कुणी परवानगी दिलेला माणूस. तोंडी होकार चालतो, पण मी तुम्हाला कळकळीने सांगेन की लेखी घ्या. साधा एका पानाचा कागद पुरतो: कुठली शेतं, कुठल्या तारखांपासून कुठपर्यंत, कुठले पक्षी, शेतकऱ्याची सही. रस्त्यावरून जाणाऱ्याने बंदुकीचा आवाज ऐकून पोलिसांना फोन केला, तर हा कागद पाच मिनिटांत प्रश्न मिटवतो. परवानगीशिवाय बंदूक घेऊन कुणाच्या शेतात शिरणं हा फायरआर्म्स ॲक्टखाली स्वतंत्र गुन्हा आहे. वन्यजीव गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवर सर्वसाधारण परवाना वापरण्याबाबत निर्बंध आहेत. अशा माणसाला स्वतंत्र वैयक्तिक परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

दुसरी अट कारणाची. ‘शेतात पारवे दिसले’ हे कारण नाही, ‘नेमबाजीचा सराव हवा’ हे तर नाहीच. पीक, भाजीपाला, फळं, जनावरांचं खाद्य यांचं गंभीर नुकसान होत असेल किंवा होण्याची खरी शक्यता असेल तरच हात उचलायचा. आणि तिसरी अट, जिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं: न मारता हुसकावण्याचे कायदेशीर उपाय आधी करून पाहिलेले असले पाहिजेत आणि पुढेही चालू ठेवले पाहिजेत. ते निरुपयोगी, अव्यवहार्य किंवा खर्चाच्या मानाने अवाजवी असतील तरच सूट. आपल्याकडे गोफण आणि बुजगावणं, इथे गॅसवर फुटणारी तोफ, घारीच्या आकाराचे पतंग, कोठाराच्या झरोक्यांना जाळी, सांडलेलं धान्य त्याच दिवशी झाडून घेणं. शेतकऱ्याला एक साधी वही ठेवायला सांगा. कुठल्या शेतात किती पक्षी उतरले, कुठली तोफ कधी लावली, किती दिवसांनी पक्ष्यांनी तिला जुमानणं सोडलं. पोलिसांनी किंवा नॅचरल इंग्लंडच्या अधिकाऱ्याने विचारलं तर तुमचं म्हणणं त्या वहीवर उभं राहतं. अटी मोडून पक्षी मारल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंडाला कमाल मर्यादा नाही, किंवा दोन्ही.

शेत संरक्षित निसर्गस्थळात किंवा त्याच्या जवळ असेल तर आणखी अटी लागू होतात. तिथे आधी शेतकऱ्याला नॅचरल इंग्लंडकडे चौकशी करायला सांगा.

बंदुकीचं प्रमाणपत्र आणि कागदपत्रं

आता खरा अर्ज. शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, बाळगायला 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टखाली प्रमाणपत्र लागतं. ते तुम्ही राहता त्या भागातलं पोलीस दल देतं. या प्रमाणपत्रावर चालणारी शॉटगन म्हणजे नळी किमान 24 इंच आणि मॅगझीन असलंच तर दोन काडतुसांपेक्षा जास्त न मावणारं. त्यापुढची बंदूक वेगळ्या, कडक वर्गात जाते.

अर्जाचा नमुना 201 क्रमांकाचा. बहुतेक दलं तो ऑनलाइन घेतात. त्यासोबत फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची शिफारस आणि डॉक्टरकडून आलेली वैद्यकीय माहिती लागते. वैद्यकीय कागदासाठी डॉक्टर वेगळे पैसे घेऊ शकतात आणि ते अर्जदारानेच भरायचे. नैराश्य, अपस्मार, दारूचं व्यसन असे आजार विचारले जातात. ते असले म्हणजे अर्ज फेटाळलाच जातो असं नाही, पण लपवले तर विश्वास कायमचा जातो. शिक्षेचंही तसंच: इतर कामांसाठी ‘जुनी झाली’ म्हणून सोडून दिली जाणारी शिक्षासुद्धा इथे सांगावी लागते. तीन वर्षं किंवा जास्त कैद झालेल्याला आयुष्यभर बंदी. तीन महिने ते तीन वर्षांच्या आतली कैद असेल तर सुटकेपासून पाच वर्षं.

शुल्क फेब्रुवारी 2025 पासून वाढलं: नव्या शॉटगन प्रमाणपत्राला 194 पौंड, नूतनीकरणाला 126 पौंड. मुदत पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान आठ आठवडे आधी दिला, तर पोलिसांकडून उशीर झाला तरी जुनं प्रमाणपत्र आणखी आठ आठवड्यांपर्यंत चालू राहतं.

अर्जानंतर पोलिसांचा चौकशी अधिकारी घरी येतो. घाबरण्यासारखं काही नाही. बंदूक कुठे ठेवणार, किल्ली कुणाकडे राहणार, घरात कोण कोण असतं, हे तो बघतो. भिंतीला पक्कं ठोकलेलं पोलादी कपाट आधीच बसवून ठेवलंत तर भेट सोपी जाते. किल्लीची जागा घरातल्या दुसऱ्या कुणालाही माहीत नसावी, बायकोला किंवा नवऱ्यालाही नाही. ‘बंदूक कशासाठी हवी’ या प्रश्नाला अडखळू नका. उपद्रवी पक्षी-प्राणी मारणं हे योग्य कारण असल्याचं कायद्यातच लिहिलेलं आहे. शेतकऱ्याचं परवानगीपत्र इथेही कामी येतं.

प्रमाणपत्र यायच्या आधी शिकायचं असेल तर प्रमाणपत्रधारकाची बंदूक खाजगी जमिनीवर त्याच्या उपस्थितीत वापरता येते. त्यासाठी देणारा 18 वर्षांवरचा आणि त्या जमिनीवर अधिकृत असला पाहिजे. नवशिक्यांनी एक पूर्ण हंगाम असाच काढावा, असं मला मनापासून वाटतं.

फसवे पक्षी मांडताना

थवा जवळ उतरावा म्हणून प्लास्टिकचे डिकॉय (खोटे पक्षी), पंख फिरवणारं यंत्र, मारलेले पक्षी मांडणं, हे सगळं चालतं. जिवंत पक्षी बांधून, आंधळा किंवा जखमी करून आमिष म्हणून ठेवणं हा गुन्हा आहे. पारवे वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. म्हणून लपण अशा जागी करायचं की वारा पाठीवर येईल. समोर वीस-पंचवीस पावलांवर घोड्याच्या नालासारखी मांडणी करून मध्ये मोकळी जागा सोडायची. उतरणारे पक्षी त्या मोकळ्या जागेकडे येतात आणि लांबचा, नुसता जखमी करणारा नेम घ्यावा लागत नाही. सार्वजनिक रस्त्याच्या मध्यापासून 50 फुटांच्या आत बार काढून कुणाला इजा, अडथळा किंवा धोका झाला तर तोही गुन्हा. शेतातून जाणाऱ्या पायवाटा आधी नकाशावर बघून घ्या.

आणि पक्षी ओळखा. पारव्यांच्या थव्यात स्टॉक डव्ह हा पारव्यासारखाच दिसणारा रानपक्षी मिसळतो. तो या परवान्यात नाही, त्याला मारणं सरळ बेकायदा. त्याच्या पंखावर दोन आखूड, तुटक काळे पट्टे असतात, डोळा काळा असतो, आणि पुष्कळ पारव्यांच्या पाठीवर शेपटीच्या वर जो पांढरा डाग दिसतो तो त्याला नसतो. पारव्यांचे रंग इतके वेगवेगळे असतात की उडत्या थव्यात घाईने ठरवणं जमत नाही. मी नव्या माणसाला पहिले दोन दिवस बंदूक न देता नुसती दुर्बीण देतो. पायात कडं असलेला पक्षी बहुधा शर्यतीचा, म्हणजे कुणाच्या तरी मालकीचा. तो दमून शेतात टेकलेला असतो. त्याला हात लावायचा नाही.

भारतातून आलेल्या पाहुण्याला स्वतः बंदूक बाळगायची असेल तर वेगळा पाहुणे परवाना लागतो. अर्ज पाहुण्याने करायचा नसतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या यजमानाने आपल्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्या वतीने करायचा, आणि तो जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी मिळतो. तिकीट काढायच्या आधीच कागद सुरू करा, कारण पोलीस दलांना काही आठवडे लागतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये पक्ष्यांसाठीचे परवाने वेगळे आहेत. सीमा ओलांडून शेतावर जाणार असाल तर तिथला परवाना नव्याने वाचा.