हौसेला मोल आलं तेव्हा: बॉल पायथनच्या पैदाशीतल्या अस्वस्थतेची पार्श्वभूमी

अमेरिका आणि युरोपातले जुने हौशी सर्पपालक पैदास थांबवतात, तेव्हा कारणं बहुधा दोनच सांगतात: शरीर थकलं, किंवा मन खायला लागलं. ही दोन वेगळी दुखणी मानायची रीत आहे. थकव्यावर सुट्टी घ्यावी आणि नीतीचं ज्याचं त्यानं पाहावं, असा एकूण सूर असतो. मला मात्र दोन्हीचं मूळ एकच वाटतं. ते 1990 च्या दशकात रुजलं, आणि तेही पश्चिम आफ्रिकेतल्या एका लाजाळू, बुटक्या अजगराच्या पैदाशीत.

या सापाचं शास्त्रीय नाव पायथन रेजियस. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून अमेरिकेत तो बॉल पायथन आणि ब्रिटनमध्ये रॉयल पायथन. लांबी मीटर-दीड मीटर, स्वभाव मवाळ, दिवसभर बिळात मुक्काम. बेनिनमधल्या उइदा शहरात त्याचं देऊळ आहे आणि तिथे तो पूज्य मानला जातो. याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो व घानातून तो परदेशी बाजारात गेला. 1975 पासून पश्चिम आफ्रिकेतून 30 लाखांहून अधिक बॉल पायथन निर्यात झाल्याची नोंद आहे. त्यातले बरेचसे ‘रांचिंग’चे, म्हणजे रानातून गाभण माद्या किंवा अंडी आणायची, पिल्लं उबवून विकायची आणि त्यातली काही परत रानात सोडायची. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत हा साप स्वस्तातला आणि त्रासदायक समजला जाई. रानातून आलेला साप गोचिडांनी भरलेला असे आणि महिनोन्‌महिने तोंडाला अन्न लावत नसे. त्याच्या पैदाशीत पैसा आहे असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं.

मग 1992 साली ओक्लाहोमातल्या बॉब क्लार्क यांनी अल्बिनो बॉल पायथनची पैदास करून दाखवली. पांढऱ्या-पिवळ्या अंगाचा हा रंग पुढच्या पिढीत उतरतो, हे सिद्ध झालं. 1997 मध्ये पायबाल्ड, म्हणजे निम्मं अंग कोरं पांढरं असलेला साप, असाच पैदाशीतून आला. आफ्रिकेतून येणाऱ्या हजारो पिल्लांत वेगळं दिसणारं एखादं पिल्लू आता निर्यातदार बाजूला काढू लागले. रंगाच्या अशा प्रत्येक अनुवंशिक प्रकाराला ‘मॉर्फ’ म्हणतात. मॉर्फ आणि त्यांच्या संकरांची यादी आज हजारोंच्या घरात आहे.

अल्बिनोसारखे रंग अप्रभावी जनुकातून येतात. अल्बिनो आणि साध्या सापाची जोडी लावली तर सगळी पिल्लं दिसायला साधीच निघतात, पण ते जनुक पोटात घेऊन. त्यांना ‘हेट’ म्हणतात. दोन हेट एकत्र आले की चारात सरासरी एक पिल्लू रंगीत निघतं. उरलेल्या तिघांत दोन हेट आणि एक निव्वळ साधं, पण दिसायला तिन्ही सारखीच. म्हणून ती ‘66 टक्के पॉसिबल हेट’ या नावानं विकली जात. डोळ्यांना दिसत नसलेल्या गुणाची किंमत लागायची, आणि तीही निव्वळ विकणाऱ्याच्या शब्दावर. कातेवरून डीएनए तपासण्याची सोय अगदी अलीकडची आहे. त्याआधी तीन वर्षं मादी वाढवायची, पैदाशीसाठी ब्रीडरांच्या ठोकताळ्यानुसार तिचं वजन दीड किलोपर्यंत न्यायचं, अंडी 31-32 अंशांवर दोन महिने उबवायची, आणि मग कळायचं की आपण फसलो का. एवढ्या विश्वासावर चाललेल्या धंद्यात बहुतेक माणसं प्रामाणिक राहिली, हे मला खरोखर कौतुकाचं वाटतं.

पण खरी मेख गिऱ्हाइकात होती. महागडा रंगीत साप घेणाऱ्याला नुसता पाळायचा नव्हता, त्याला पैदास करायची होती. आज घेतलेला जोड तीन वर्षांनी पिल्लं देईल, त्यातून पैसे वसूल होतील, हा हिशेब होता. म्हणजे प्रत्येक खरेदीदार उद्याचा विक्रेता. मालाचा प्रत्येक नग नवा माल तयार करणार असेल, तर किंमत पडणारच. कोणत्याही मॉर्फचा आलेख काढा: पहिल्या वर्षी हजारो डॉलर, काही हंगामांनी शेकडो, आणि शेवटी पिल्लाच्या किमतीपेक्षा थर्मोस्टॅट महाग. तग धरायचा तर पुढचा रंग आधी हाती हवा. त्यासाठी माद्या वाढवायच्या, जागा वाढवायची. एका खोलीतली हौस गॅरेजभर पसरली ती अशी.

जागेचं उत्तर म्हणून ‘रॅक’ आले: मागून गरम होणारे, किराणा दुकानातल्या खणांसारखे ओढायचे प्लॅस्टिकचे टब. एका भिंतीत पन्नास साप मावतात आणि साफसफाई झटपट होते. बिळात राहणाऱ्या जनावराला अंधारी अरुंद जागाच आवडते, हे त्याचं समर्थन. त्यात काहीच तथ्य नाही असं नाही. पण 2021 मध्ये जर्मन संशोधकांनी रॅकमधल्या आणि काचेच्या टेरॅरियममधल्या बॉल पायथनच्या वागण्याची तुलना प्रसिद्ध केली. टेरॅरियममधले साप चढत होते, ऊन घेत होते, माती उकरत होते. रॅकमध्ये या वागणुकीला वावच नव्हता, उलट त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा करण्याचे प्रकार तिथे दिसले. ‘साप खातो, वीण देतो, म्हणजे सुखी आहे’ हे वाक्य या छंदात जवळजवळ मंत्रासारखं म्हटलं जायचं. त्याला इथे तडा गेला.

त्याहून मोठा तडा ‘स्पायडर’ नावाच्या मॉर्फनं पाडला होता, आणि तो बुजवायला दोन दशकं खर्ची पडली.

1999 च्या सुमारास आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून न्यू हॅम्पशायरमधल्या एका मोठ्या ब्रीडरनं या मॉर्फची पैदास सुरू केली. सोनेरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. जनुक प्रभावी, म्हणजे एकाच स्पायडर पालकापासून निम्मी पिल्लं स्पायडर. दुसऱ्या रंगाशी मिसळलं तर आणखी खुलतं: पेस्टलबरोबर केलेला ‘बंबलबी’ एके काळी प्रत्येक रॅकमध्ये असे. म्हणूनच ते झपाट्यानं पसरलं. त्याबरोबर एक खोडही पसरली. या सापांचं डोकं थरथरतं. काहींची मान स्क्रूसारखी पिळते, उताणं केलं तर त्यांना सुलटं होणं जमत नाही, भक्ष्यावर झेपावताना नेम चुकतो. ब्रीडर याला ‘वॉबल’ म्हणतात. फारच वाईट अवस्थेतल्या पिल्लाला ‘ट्रेन रेक’ म्हणायचे. शब्द क्रूर आहे, पण तो विरोधकांनी काढलेला नाही, घरातलाच आहे.

या खोडीची जी स्पष्टीकरणं दिली गेली, त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी म्हटलं गेलं, जवळच्या नात्यातली पैदास झाली म्हणून असं होतं, नवं रक्त आणलं की जाईल. नवं रक्त आलं, वॉबल राहिला. मग म्हटलं गेलं, उष्णता जास्त झाली, ताण पडला, सगळ्यांत नसतोच. पुढे पुढे मान्य झालं की कमी-जास्त प्रमाणात तो प्रत्येक स्पायडरमध्ये असतो आणि रंगाशी जोडलेलाच आहे. तेव्हा युक्तिवाद बदलला: असेल, पण सापाला त्याचा त्रास होतो हे सिद्ध करा. सापाला पापण्या नाहीत, चेहऱ्यावर भाव नाहीत, तो विव्हळत नाही. सिद्ध करायची जबाबदारी अशा मुक्या जनावरावर टाकणं सोयीचं होतं. ही माणसं दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. ज्याच्या रॅकमध्ये निम्म्या माद्यांत स्पायडर जनुक आहे, त्याच्यासाठी ‘हे चुकीचं आहे’ या वाक्याचा अर्थ सगळं भांडवल बुडालं असा होतो. बाजारानं कबुली महाग करून ठेवली होती.

2014 मध्ये मार्क रोझ आणि डेव्हिड विल्यम्स यांनी पशुवैद्यकीय नियतकालिकात या प्रकाराकडे प्राणिकल्याणाचा प्रश्न म्हणून पाहिलं. 2018 मध्ये ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीनं आपल्या प्रदर्शनांतून स्पायडरची विक्री बंद केली. पालकांच्याच संस्थेनं पालकांवर घातलेली ही बंदी होती, म्हणून वाद जास्त पेटला. 2022 मध्ये सीटी स्कॅनच्या अभ्यासातून कारणही पुढे आलं: तपासलेल्या स्पायडर सापांच्या अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भाग वेडावाकडा घडलेला होता. तपासलेले साप मोजकेच होते, पण ‘सगळं ताणामुळे होतं’ या म्हणण्याला त्यानंतर जागा राहिली नाही.

स्पायडर एकटा नाही. ‘डेझर्ट’ मॉर्फ उत्तम किमतीला विकला गेला, आणि माद्या वयात आल्यावर कळलं की त्यांना धड अंडी घालता येत नाहीत. काही माद्या त्यातच मेल्या. दोन ‘सिनॅमन’ एकत्र आणले तर काही पिल्लांचा कणा वाकडा किंवा तोंड बदकासारखं चपटं निघतं. लेपर्ड गेको या पालीत 2015 मध्ये ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा पांढुरका मॉर्फ आला. त्यातल्या 80 टक्क्यांहून अधिक पालींना पुढे रंगपेशींच्या गाठी झाल्या. मात्र या वेळी ब्रीडरनंच नमुने संशोधकांना दिले आणि 2021 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं स्पिंट1 या जनुकाशी त्याचा संबंध जोडला. स्पायडरच्या वीस वर्षांशी ताडून पाहिलं तर हा बदल लहान नाही.

आता थकव्याकडे. शंभर साप म्हणजे शंभर टब, शंभर पाण्याच्या वाट्या, आणि आठवड्याला शंभराच्या आसपास उंदीर. गोठवलेले परवडत नाहीत म्हणून अनेक जण घरीच उंदरांची पैदास करतात. त्या खोलीचा वास कपड्यांतून जात नाही, आणि ज्यांना मारायचं त्यांनाच रोज खाऊ घालायचं, हे सगळ्यांना सारखं पचत नाही. उबलेली काही पिल्लं स्वतःहून खात नाहीत, त्यांना एकेक करून भरवावं लागतं. कणा वाकडा निघालेल्या पिल्लाचं काय करायचं, याचा निर्णय रात्री अकरा वाजता घरातल्या टेबलावर होतो. फ्रीझरमध्ये ठेवणं ही जुनी पद्धत, पशुवैद्यकांना ती अमान्य आहे. वीज गेली तर इनक्यूबेटर थंड. कुटुंबाबरोबर चार दिवस बाहेर जायचं तर किल्ली द्यायला माणूस मिळत नाही. त्यात 2014 मध्ये शोधल्या गेलेल्या निडोव्हायरसची भीती. श्वसनाचा हा रोग एका नव्या सापाबरोबर संपूर्ण संग्रहात शिरू शकतो.

कोविडच्या टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी साप घेतले, किमती चढल्या, नवखे ब्रीडर उतरले. दोन-तीन वर्षांत त्यांच्या माद्या वयात आल्या तोवर मागणी ओसरली होती. सर्वांत जास्त तुंबले ते साधे आणि नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे जास्तीचा नर कुणालाच नको. हा प्राणी 30 वर्षं सहज जगतो. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या मादीनं 2020 मध्ये साठी ओलांडल्यावर, अनेक वर्षं नराचं तोंडही न पाहता अंडी घातली होती. एका हंगामाच्या भावावर जन्माला घातलेलं पिल्लू तीन दशकांची जबाबदारी असतं. प्राणी स्वीकारणाऱ्या आश्रयगृहांकडे बॉल पायथनच येत राहतात, याचं कोडं मग उरत नाही.

आपल्याकडे देशी साप पाळणं वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे आणि भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून ही हौस वेगळ्या वाटेनं आली. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांच्या बॅगांत बॉल पायथन सापडल्याच्या बातम्या मराठी वाचकाला नव्या नाहीत. 2020 मध्ये केंद्रानं विदेशी प्राणी स्वेच्छेनं जाहीर करण्याची मुभा दिली. पुढे 2022 च्या कायदादुरुस्तीनं आणि 2024 च्या नियमांनी ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या अशा प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर बंधनकारक केली, आणि घरात पिल्लं झाली तर तेही कळवायला लावलं. नोंद होते ती मालकीची. कोणता मॉर्फ जुळवावा, कोणता जुळवू नये, यावर हे नियम काही म्हणत नाहीत. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यात मात्र वेदनादायी लक्षणांसाठी पैदास करण्यावर स्वतंत्र कलमानं बंदी आहे. ते सापांच्या मॉर्फना कुठवर लावायचं, हा तिथला वाद.

अमेरिकेत या प्रश्नावर बव्हंशी ब्रीडरचा शब्दच चालतो. काही जण वॉबल असलेली जनुकं संग्रहातून काढून टाकतात, रॅक मोडून मोठे पिंजरे घेतात, वर्षाला दोन-तीन माद्यांवर थांबतात. ज्यांना आता काहीच नको, ते संपूर्ण संग्रह रॅकसकट, पडेल भावात विकून मोकळे होतात. तो एकगठ्ठा घेणारा बहुधा नुकताच या हौसेत उतरलेला असतो, आणि इतके साप एवढ्या स्वस्तात मिळाले म्हणून खूश असतो.