दुसरा कुत्रा आणण्याआधी पहिल्याचं वय बघा

इंदुरात सुदामानगर, लोकमान्यनगर, टिळकनगर या भागांत सकाळी नऊनंतर बऱ्याच घरांत माणसं कमी आणि कुत्रा एकटा अशी स्थिती असते. कामावरून परत यावं तर चप्पल कुरतडलेली, गादीचा कापूस बाहेर आलेला आणि शेजारचे सांगतात की दिवसभर फाटकाशी भुंकत होता. मग कोणीतरी म्हणतं, ‘एकटा पडतो हो बिचारा, एक जोडीदार आणा त्याला.’ सल्ला मायेचाच असतो. पण तो दिला जातो तेव्हा घरातला नर बहुतेक वेळा सात-आठ महिन्यांचा असतो, आणि दुसरं पिल्लू आणायला याच्याइतकी वाईट वेळ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान नर वयात येतो. पाय वर करून जागोजागी लघवीच्या खुणा सोडणं, दुसऱ्या नरांना आव्हान देणं, फाटक उघडं दिसलं की पळणं, हे याच काळात सुरू होतं. शिकवलेलंही विसरल्यासारखा वागतो. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्युसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली हे मोजून दाखवलं. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांना त्यांनी पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ म्हणून पाहिलं. आठव्या महिन्यात ते आपल्या सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत होते. अनोळखी माणसाच्या बाबतीत मात्र ही घसरण नव्हती. चौदा वर्षांचा मुलगा शेजारच्या काकांपुढे शहाण्यासारखा वागतो आणि घरी आईला उलट बोलतो, तसंच हे. वर्षाच्या आसपास गाडी रुळावर येऊ लागते. पण वागण्यात खरी स्थिरता यायला दीड ते दोन वर्षं लागतात, मोठ्या जातींत त्याहून थोडी जास्तच. तोवर थांबावं. आपलं ऐकणारा एक कुत्रा घरात असला तर दुसरा त्याच्याकडे बघून अर्धं शिकतो. फाटकाशी भुंकणारा असला तर तेही तितक्याच तत्परतेने शिकतो.

एकटेपणाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण गैरसमज तिथेच आहे. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठ आठवड्यांचे असल्यापासून जोडीने राहिलेल्या प्रौढ कुत्र्यांना अनोळखी जागी नेऊन त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली होती. कुत्रा तिथे एकटा असला तरी पातळी वाढली, जन्माचा सोबती बरोबर असला तरीही वाढली. रोज सांभाळणारा माणूस जवळ बसला तेव्हा मात्र ती वाढली नाही. कुत्र्याला माणूस हवा असतो. मालक बाहेर पडल्यावर रडणाऱ्या कुत्र्यासाठी दुसरा आणला, तर रडणारे दोन होण्याचाही धोका असतो. आधी त्याचं फिरणं वाढवा, हुंगत हुंगत रमेल अशा रस्त्याने न्या, एकटं राहायची सवय पाच-दहा मिनिटांपासून लावा.

एवढं करूनही घरात दुसरा हवा असेल, आणि जागा, वेळ, पैसा तिन्ही असेल, तर जरूर आणा. फक्त शक्यतो मादी आणा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०११ साली घरातल्या घरात भांडणाऱ्या ३८ जोड्यांची माहिती मांडली होती. त्यांतल्या ७९ टक्के जोड्या नर-नर किंवा मादी-मादी अशा होत्या. भांडण उकरून काढणारा बहुधा वयाने लहान आणि घरात नंतर आलेला होता, म्हणजे ‘जुना नव्याला छळेल’ ही भीती दर वेळी खरी नसते. कारणं ओळखीचीच: खाणं, मालकाचं लक्ष, कोणीतरी आल्यावरची धांदल.

पहिली भेट घरात कधीच करू नये. घर, जिना, फाटक, सगळीकडे पहिल्याच्या वासाच्या खुणा असतात. रेसिडेन्सी भागातल्यासारखा रुंद, झाडांचा रस्ता सकाळी लवकर चांगला. एप्रिल-मेमध्ये तर उन्हं चढायच्या आतच, कारण डांबर तापलं की पंजे भाजतात. दोन कुत्रे, दोन माणसं, पट्टे सैल. मध्ये दहा-पंधरा फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं आणि अंतर हळूहळू कमी करायचं. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) किंवा दिवाळी जवळ आली असेल तर तो आठवडा टाळा. ढोल-फटाक्यांनी आधीच घाबरलेल्या जनावराला नवी ओळख सोसत नाही.

ओळखीतल्या एका कुटुंबाची अशी भेट मी पाहिली आहे. दीड वर्षाचा गोल्डन रिट्रीव्हर आणि पाच महिन्यांची देशी पिल्ली. तिला पाहताच त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहिले. मालकाने घाबरून पट्टा ओढला. खरं तर हे केस उभे राहणं आपल्या अंगावरच्या काट्यासारखंच आपसूक होतं. त्यातून उत्तेजना कळते, हल्ला कळत नाही. ओढलेल्या पट्ट्यामुळे मात्र कुत्र्याला वळसा घेऊन बाजूने जवळ जाता येत नाही, आणि समोरासमोर ताठ उभं राहणं ही त्यांच्यात उद्धटपणाची रीत आहे. पट्टा सैल सोडायला सांगितल्यावर तो अर्धवर्तुळात फिरून तिच्या मागून आला, क्षणभर हुंगलं, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला. कुत्र्यांमध्ये हे खेळाचं आमंत्रण असतं. पुढे तो चक्क उताणा पडला आणि तिला अंगावर चढू दिलं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांना २००८ साली एकाच वेताच्या पिल्लांत हेच दिसलं होतं: खेळताना नर मुद्दाम माघार घेतात, माद्यांशी खेळताना जास्तच.

शेपूट हलते आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या. नुसत्या डोळ्यांना हा फरक पकडणं अवघड आहे. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली दिसली तर मात्र लगेच हाक मारून दोघांना वेगळं करा.

मादी आणल्यावर नसबंदीचा विचार पुढे ढकलता येत नाही. ती सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते, माज साधारण तीन आठवडे चालतो, आणि गर्भ राहिला तर सुमारे ६३ दिवसांत पिल्लं होतात. नराची नसबंदी केली तरी पुढचा महिनाभर त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. लॅब्राडोर, गोल्डनसारख्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असं कॅलिफोर्नियातल्या अभ्यासांत आढळलं आहे, म्हणून कोणाची आधी आणि कधी हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळच आहे. पिल्लाच्या लशी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या घाणीपासून जपा. पार्वो या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे अशा पिल्लाची पहिली भेट हातात उचलून, किंवा लशी झालेल्या शेजाऱ्याच्या अंगणात घडवून आणा.

पहिले काही आठवडे दोघांची जेवणं वेगळ्या खोल्यांत, दार लावून. हाडं आणि आवडती खेळणी उचलून ठेवा. मोठ्या कुत्र्याने पिल्लाकडे बघून गुरगुर केली तर त्याला रागावू नका. गुरगुर दाबली की पुढच्या वेळी तो इशारा न देता थेट चावू शकतो. ‘बॉस कोण ते त्यांना ठरवू द्या’ हेही ऐकू नका. कुत्र्यांना लावली जाणारी लांडग्यांच्या कळपातल्या सत्तेची ही कल्पना एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून आली, आणि ती लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकानेच १९९९ साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब असतं. पिल्लू सतत पलंगाखाली दडत असेल, खाणं सोडलं असेल किंवा रक्त निघालं असेल, तर दोघांना त्याच दिवशी वेगळं ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.