बडोद्याचे मराठी लोक अल्पसंख्याक कसे झाले, आणि राज्यघटनेनं त्यांना काय दिलं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घराचं ११ वर्षांत दोनदा राज्य बदललं, घर मात्र जागचं हललं नाही. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तिथे मराठी ही बरोबरीची भाषा होती. १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला आणि इथली मराठी मंडळी रातोरात भाषिक अल्पसंख्याक ठरली.

त्यांना लागू पडणारी तरतूद मात्र आधीपासून तयार होती. ८ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत मसुद्यातल्या कलम २३ वर (आजची कलमं २९ आणि ३०) चर्चा झाली. अल्पसंख्याक हा शब्द इथे नेहमीच्या तांत्रिक अर्थापेक्षा व्यापक घ्यायचा आहे, असं डॉ. आंबेडकरांनी सांगितलं. उदाहरण मराठी माणसांचंच होतं: महाराष्ट्रातून काही लोक बंगालमध्ये जाऊन राहिले, तर तिथे ते सांस्कृतिक आणि भाषिक अल्पसंख्याक ठरतील. बडोद्यात माणसं नव्हे, सीमा सरकली. पण कलम २९ कोण कुठून आलं हे विचारतच नाही. भारतात राहणाऱ्या ज्या नागरिकांना स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे, त्यांना ती जतन करण्याचा हक्क आहे, एवढंच ते सांगतं. मसुद्यात इथे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ होतं. ते तसंच राहतं, तर हिंदीसारखीच देवनागरीत लिहिली जाणारी मराठी वेगळ्या लिपीच्या अटीत अडकली असती. एका अव्ययानं केवढा फरक पडला!

कलम ३० पुढचं पाऊल टाकतं. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा-कॉलेजं काढून स्वतः चालवता येतात, आणि अनुदान देताना सरकारला त्यांच्याबाबत भेदभाव करता येत नाही. अल्पसंख्याक कोण, हे राज्यागणिक ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २००२ मध्ये ते पक्कं केलं. म्हणून मराठी संस्थेला हा हक्क बडोद्यात आहे, पुण्यात नाही. इथे एक चूक हमखास होते. अल्पसंख्याक दर्जाच्या दाखल्यासाठी अर्ज केंद्राच्या अल्पसंख्याक शिक्षण संस्था आयोगाकडे जातो. तो आयोग फक्त धार्मिक अल्पसंख्याकांचं काम पाहतो. भाषिक संस्थेनं राज्य सरकारकडे जायचं.

मुलांच्या शाळेची तरतूद थोडी उशिरा आली. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ च्या अहवालात भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची शिफारस केली, आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०क आणि ३५०ख ही कलमं घातली. पहिल्यानुसार प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयीसाठी राज्यानं प्रयत्न करायचा. दुसऱ्यानुसार या संरक्षणाशी संबंधित बाबींची चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देणारा विशेष अधिकारी नेमायचा.

सगळी मेख त्या ‘प्रयत्न’ शब्दात आहे. शाळा बंद झाली की ३५०क दाखवून थेट कोर्टातून ती उघडून घेणं अवघड जातं, कारण हे कलम मूलभूत हक्कांच्या भागात नाही. किती मुलं असली की शिक्षक द्यायचा, हा आकडाही घटनेत नाही. तो १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरला: एका वर्गात १० किंवा सगळ्या शाळेत ४० मुलं असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक. मुलं वेगवेगळ्या शाळांत विखुरली की कुठेच १० भरत नाहीत. त्यावर उपायही नंतरच्या तरतुदींत आहे: सत्र सुरू होण्याआधीच पालकांची पसंती नोंदवून घ्यायची आणि विखुरलेली मुलं एखाद्या शाळेत एकत्र आणायची. ही नोंदणी पालकांनीच लेखी मागावी, पोच घ्यावी. जूनमध्ये धावपळ करून उपयोग नसतो, कारण तोवर शिक्षकांची पदं ठरलेली असतात.

गुजरातच्या २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सगळ्या शाळांना सक्तीचं केलं. त्यामुळे मराठी माध्यम संपलं, असं काही पालक समजून बसले आहेत. तसं नाही. सक्ती गुजराती या विषयाची आहे; गणित, विज्ञान मराठीतून शिकवायला त्या कायद्याची आडकाठी नाही.